एकॅट : गालाच्या एका हालचालीवर चालणारा कळफलक

स्टीफन हॉकिंग १४ मार्च २०१८ रोजी गेले. त्याच वर्षी १५ जूनला त्यांची रक्षा लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत न्यूटन आणि डार्विन यांच्या थडग्यांच्या मधल्या जागेत ठेवली गेली. वरच्या दगडावर कृष्णविवराच्या तापमानाचं सूत्र कोरलेलं आहे. ते सूत्र उमजायला पदार्थविज्ञानाची काही वर्षं खर्ची घालावी लागतात. त्यांच्या मागे उरलेली आणखी एक गोष्ट मात्र कुणालाही आज संध्याकाळी फुकटात उतरवून घेता येते. ज्या सॉफ्टवेअरवर ते अखेरच्या वर्षांत लिहीत आणि बोलत, ते इंटेलने ऑगस्ट २०१५ मध्ये मुक्त परवान्याखाली सर्वांना खुलं केलं. त्याचं नाव एकॅट, म्हणजे 'असिस्टिव्ह कॉन्टेक्स्ट-अवेअर टूलकिट'. हॉकिंग यांना मोटर न्यूरॉनचा आजार होता, त्यात स्नायूंवरचा ताबा हळूहळू जातो. घरात किंवा दवाखान्यात या आजाराचं माणूस असेल, तर या सॉफ्टवेअरशी कधी ना कधी गाठ पडू शकते.

उघडल्याबरोबर ते जुनाट वाटतं. राखाडी चौकटी, अक्षरांच्या ओळी आणि त्यांवरून आपोआप सरकणारा ठळक पट्टा. हव्या त्या ओळीवर पट्टा आला की स्विच दाबायचा, मग तो त्या ओळीतल्या एकेका अक्षरावरून सरकतो, हव्या अक्षरावर पुन्हा दाबायचा. सारा व्यवहार एवढाच. हा साधेपणा आळसातून आलेला नाही. १९८५ मध्ये न्यूमोनियानंतर श्वासनलिकेला छेद द्यावा लागला आणि हॉकिंग यांची वाचा गेली. सुरुवातीला कुणीतरी अक्षरांचा तक्ता समोर धरायचं आणि योग्य अक्षरावर बोट आलं की ते भुवई उचलायचे. पुढे वॉल्ट वोल्टोझ या कॅलिफोर्नियातल्या गृहस्थाने याच आजाराच्या आपल्या सासूबाईंसाठी केलेला 'इक्वलायझर' हा प्रोग्रॅम त्यांच्याकडे आला. अंगठ्याने बटण दाबून ते मिनिटाला १५ शब्दांपर्यंत मजल मारत. अंगठा थकल्यावर चष्म्याच्या काडीवर इन्फ्रारेड सेन्सर बसला, गालाचा स्नायू हलला की तो ओळखणारा. २०११ च्या सुमारास वेग मिनिटाला एक-दोन शब्दांवर आला, तेव्हा त्यांनी इंटेलचे सहसंस्थापक गॉर्डन मूर यांच्याकडे मदत मागितली.

इंटेलमधल्या संशोधक लामा नाचमन यांच्या चमूने आधी नव्या वाटा धुंडाळल्या. डोळ्यांच्या हालचाली टिपणारा कॅमेरा लावून पाहिला, पण पापण्या खाली झुकलेल्या असल्याने तो नीट चालेना. मेंदूलहरी वाचणारी टोपी घालून पाहिली, तर संकेत पुरेसे ठळक मिळेनात. शेवटी गालाचा स्विच राहिला. कळफलकाची ठेवणही फारशी बदलली नाही, कारण वीस-पंचवीस वर्षं जी मांडणी हाताखालची, खरं तर गालाखालची, झाली होती ती मोडायला हॉकिंग तयार नव्हते. बदल झाले ते आतून. फाइल उघडणं, मेल पाठवणं, वेबवर शोधणं या कामांना थेट वाटा मिळाल्या आणि शब्द सुचवणारा भाग नवा आला. डिसेंबर २०१४ मध्ये ही प्रणाली जाहीर झाली तेव्हा टंकनाचा वेग दुप्पट आणि नेहमीची कामं दहापट झटपट, असा इंटेलचा दावा होता.

दुप्पट म्हणजे किती, ते हिशेबाने पाहू. इंग्रजी अक्षरं ढोबळमानाने पाच ओळी, पाच रकान्यांत मांडली आणि पट्टा दर सेकंदाला एक घर सरकतो असं धरा. सरासरी अक्षर तिसऱ्या ओळीत, तिसऱ्या घरात. ओळीला अडीच सेकंद, घराला अडीच, म्हणजे अक्षरामागे पाच. पाच अक्षरी शब्द आणि पुढची मोकळी जागा मिळून ३० सेकंद, मिनिटाला दोन शब्द. आता दोन अक्षरं टाकल्यावर हवा तो शब्द यादीत दिसला, तर १० सेकंद अक्षरांचे, सुमारे ५ निवडीचे. वेग दुप्पट झाला आणि पट्ट्याची गती तीच राहिली. सगळा फायदा शब्द सुचवण्यात आहे, हे एकदा लक्षात आलं की बसवणीत कुठे वेळ घालवायचा ते कळतं.

इथेच फुकटच्या आवृत्तीची पहिली मर्यादा येते. हॉकिंग यांच्याकडे स्विफ्टकी या कंपनीचा शब्द सुचवणारा भाग होता, त्यांच्याच पुस्तकांवर आणि व्याख्यानांवर घोटलेला. त्यांनी इंग्रजी 'द' निवडलं की 'ब्लॅक' पुढे यायचं आणि 'ब्लॅक' निवडलं की 'होल', एकही अक्षर न टाकता. जुन्या खुल्या आवृत्त्यांत त्या जागी 'प्रेसाज' हा मुक्त प्रोग्रॅम आहे. तो बरा आहे, पण कोरा आहे. आजारी माणसाची जुनी पत्रं, मेल, डायरी असं त्याच्या हातचं जितकं मिळेल तितकं त्याच्या पोटात घालावं लागतं. नाही घातलं तर आठवडाभर तो भलतेच शब्द पुढे करतो, आणि वापरणारा यादीकडे बघणंच सोडून देतो. त्यानंतर यादी सुधारली तरी उपयोग नसतो, नजर तिकडे जातच नाही.

बसवायला विंडोजचा संगणक लागतो. जुन्या आवृत्त्यांत प्रेसाज वेगळा बसवावा लागतो. ती पायरी सुटली की एकॅट सुरू होतो, पट्टा फिरतो, फक्त शब्दांची यादी रिकामी राहते, आणि लोक सॉफ्टवेअरला नावं ठेवतात. पहिला दिवस सरावासाठीच्या 'ट्रायआउट'वर काढावा. लगेच मेल लिहायला बसवू नये.

खरी मेहनत स्विचची. एकॅटला कळफलकाची एफ१२ ही कळ इशारा म्हणून चालते, त्यामुळे सगळ्यात सोपा मार्ग असा: ३.५ मिलिमीटरच्या पिनचा मोठा बटण-स्विच, मध्ये यूएसबीची पेटी, आणि पेटी एफ१२ पाठवेल अशी जुळवलेली. बटण शरीराच्या ज्या भागाची हालचाल दिवसाच्या अखेरीसही शाबूत राहते तिथे लावावं. सकाळी जोरकस चालणारं बोट संध्याकाळी दगा देतं, म्हणून चाचणी सकाळी आणि संध्याकाळी अशी दोनदा घ्यावी. दाबण्याइतकंच सोडणंही जमायला हवं. स्नायू आखडणाऱ्या माणसाला दाबणं जमतं, पण हात मागे घेता येत नाही. स्विच हाताला बांधून टाकण्यापेक्षा खुर्चीला लवचिक दांड्यावर बसवलेला बरा.

बटण शक्य नसेल तर साधा वेबकॅमही चालतो. गालाची किंवा भुवईची हालचाल तो ओळखतो. कॅमेरा चेहऱ्याच्या उंचीवर, हातभर अंतरावर ठेवा आणि उजेड समोरून येऊ द्या. पाठीमागे खिडकी असली की चेहरा काळवंडतो आणि हालचाल दिसेनाशी होते. जुळवणी चालू असताना चेहरा स्थिर हवा, त्या वेळी जांभई आली तर सगळं पुन्हा करा. जेवताना, खोकताना, कुणी तोंड पुसत असताना खोटे इशारे जातात, म्हणून त्या वेळी पट्टा थांबवण्याची सवय शुश्रूषा करणाऱ्याला लावावी. चष्म्यावरचा इन्फ्रारेड सेन्सर यापेक्षा भरवशाचा, पण त्याचीही खोड आहे. चष्मा नाकावरून दोन-तीन मिलिमीटर घसरला की अंतर बदलतं आणि इशारे चुकतात, आणि कडक उन्हात तो आंधळा होतो. चष्म्याला मागून पट्टा लावला की निम्म्या तक्रारी मिटतात.

पट्ट्याची गती ठरवताना घाई नडते. माणसाचा प्रतिसाद मोजा: दिवा लागल्यापासून स्विच दाबला जाईपर्यंतचा वेळ, दहा-वीस वेळा. सरासरीला ०.६५ ने भागा, येईल तो एका घराचा वेळ. प्रतिसाद ०.६५ सेकंद असेल तर घराला एक सेकंद. नातेवाइकांना हे फार संथ वाटतं आणि ते ०.७ वर आणून ठेवतात. मग अक्षर साडेतीन सेकंदांत होतं, पण एक चूक झाली की खोडायला साडेतीन आणि पुन्हा लिहायला साडेतीन. पाच अक्षरांत एक चूक पकडली तर साडेचोवीस सेकंद जातात, संथ गतीने २५ गेले असते. कमाई अर्ध्या सेकंदाची आणि वर वैताग. ओळीतल्या पहिल्या घरावर पट्टा जरा जास्त थांबेल अशी वेगळी सोय आहे, ती जरूर वाढवा. बहुतेक चुका तिथेच होतात, कारण ओळ निवडायला दाबलेला स्विच अजून सुटलेला नसतो. एका दाबाचे दोन इशारे जात असतील तर स्विच किमान किती वेळ दाबलेला राहावा ही मर्यादा वाढवा. हात थरथरणाऱ्यांसाठी हाच पहिला उपाय.

देवनागरीसाठी मात्र हा घाट सोयीचा नाही. स्वर, व्यंजनं, मात्रा, अनुस्वार, हलन्त धरून साठाच्या वर चिन्हं होतात. आठ बाय आठच्या तक्त्यात सरासरी चिन्हाला आठ सेकंद. 'पाणी' हा शब्द मोकळ्या जागेसह पाच निवडींचा, म्हणजे ४० सेकंद. 'स्वयंपाक' नऊ निवडींचा, ७२ सेकंद. तहानलेल्या माणसाने चाळीस सेकंद गाल हलवत बसावं, ही काही सोय नव्हे. पॅनेलची मांडणी एक्सएमएल या साध्या मजकुराच्या फाइलींत असते, त्यामुळे जाणकाराला ती बदलता येते. बदलायचीच तर अक्षरमाला क-ख-ग अशी मांडू नका. काना, र, क, त, हलन्त अशी सतत लागणारी चिन्हं वरच्या डाव्या कोपऱ्यात आणा. स्वर शब्दाच्या सुरुवातीला आणि मात्रा व्यंजनानंतर, असे दोन वेगळे तक्ते केले तर एका वेळी पुढे येणारी घरं बरीच कमी होतात. शब्दांच्या सुरुवातीला न येणारे ण आणि ळ दुसऱ्या तक्त्यात ढकलता येतात. रोजच्या गरजांसाठी तयार वाक्यांचा 'फ्रेज' भाग वापरा: पाणी हवं, कूस बदला, कफ काढा, पंखा बंद करा. पहिल्या ओळीत पाच-सहा वाक्यं पुरतात, वीस भरली की शोधण्यातच वेळ जातो.

बारीकसारीक त्रास आणखी आहेत. विंडोजची परवानगी मागणारी काळोखी चौकट आली की एकॅटचा पट्टा तिथे पोहोचत नाही, दुसऱ्या कुणाला तरी माऊस धरावाच लागतो. विंडोज रात्री स्वतःहून अपडेट होऊन बंद-चालू झाला तर सकाळी माणूस मुका. अपडेटची वेळ शुश्रूषा करणाऱ्याच्या हजेरीत ठेवा आणि एकॅट आपोआप सुरू होईल असं लावा. शिकलेल्या शब्दांच्या फाइली महिन्यातून एकदा पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. संगणक बदलता येतो, त्या फाइलींमध्ये मात्र महिन्यांचं लिखाण साठलेलं असतं.

कुणी घ्यावं? ज्यांचे डोळे व्यवस्थित फिरतात त्यांनी आधी नजरेवर चालणारं यंत्र पाहावं, ते बहुतेकांना यापेक्षा वेगवान पडतं. एकॅट त्यांच्यासाठी, ज्यांच्याकडे खात्रीची एकच हालचाल उरली आहे आणि ज्यांना आपलं वाक्य आपणच पुरं करायचं आहे. नंतरच्या आवृत्तीत मेंदूलहरींची सोयही आली, पण ती टोपी रोज बसवणं हे वेगळंच काम आहे.

आणि तो आवाज? तो यात मिळत नाही. एकॅट विंडोजमधले आवाज वापरतो. हॉकिंग यांचा आवाज अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या डेनिस क्लॅट यांनी घडवलेला, आणि तो स्पीच प्लस कंपनीच्या 'कॉलटेक्स्ट' या स्वतंत्र पेटीतून यायचा. सुधारित आवाज मिळत असूनही त्यांनी तो बदलला नाही. जुनी पेटी निकामी होईल या धास्तीने काही अभियंत्यांनी तिची हुबेहूब नक्कल रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालती केली. ती २०१८ च्या जानेवारीत त्यांच्यापर्यंत पोहोचली, काही आठवड्यांचाच वापर झाला. ॲबीतल्या कार्यक्रमाच्या दिवशी त्याच आवाजातलं त्यांचं बोलणं, संगीतकार वांगेलिस यांच्या संगीतासह, स्पेनमधल्या अँटेनावरून एका कृष्णविवराच्या दिशेने पाठवलं गेलं.

यंत्राचा परका आवाज ज्यांना नको असेल त्यांनी निदान झाल्याच्या आठवड्यातच, संगणकासाठी स्वतःसारखा आवाज घडवायला, स्वतःच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण सुरू करावं. जीभ जड झाल्यावर केलेल्या मुद्रणातून जडच आवाज तयार होतो. पंखा बंद, दारं-खिडक्या बंद, माइक तोंडापासून वीतभर, एका बैठकीत वीस मिनिटांहून जास्त नको. ठरवून दिलेली वाक्यं झाली की घरच्यांची नावं, हाका, नेहमीच्या शिव्या आणि हसणंही वेगळ्या फाइलींत घ्या. एकॅट अजून कपाटात असला तरी चालेल.