ला पोसाचा हंगामी परवाना : महामारीत एका जागी थांबलेल्या आरव्हीवाल्यांचा अभिप्राय

अमेरिकेत घरदार विकून बाराही महिने आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरवजा गाडीत, राहणाऱ्यांपुढे २०२०च्या मार्च-एप्रिलमध्ये जो प्रश्न उभा राहिला, तो टाळेबंदीचे आदेश काढणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसावा. ‘घरीच थांबा’ असे जो तो सांगत होता. पण ज्यांचे घरच चाकांवर आहे, त्यांनी ते उभे कुठे करायचे? कॅलिफोर्नियाने १७ मार्चला आपल्या राज्य उद्यानांमधली कॅम्पग्राउंड, म्हणजे तंबू आणि गाड्या घेऊन मुक्काम करायच्या जागा, बंद केली, न्यू मेक्सिको आणि फ्लोरिडानेही त्याच महिन्यात तोच मार्ग धरला आणि ७ एप्रिलला टेक्सासने राज्य उद्यानांना कुलूप लावले. आम्ही दोघे तेव्हा एका खासगी आरव्ही पार्कमध्ये होतो. ‘महिन्याचे भाडे संपले की जागा मोकळी करा’ असे तिथल्या कचेरीने सांगितले, तेव्हा स्वस्त जागेपेक्षा किंवा सुंदर जागेपेक्षा कोणी उठवणार नाही अशी जागा आपल्याला हवी आहे, हे आम्हाला पुरते कळले. म्हणूनच २०२०-२१च्या हिवाळ्यासाठी आम्ही ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटजवळच्या ला पोसा या ठिकाणचा हंगामी परवाना घेतला. त्या एका हंगामाच्या अनुभवावरून हा अभिप्राय लिहीत आहे.

क्वार्ट्झसाइट हे आंतरराज्य महामार्ग १० आणि महामार्ग ९५ यांच्या छेदावर, कॅलिफोर्नियाच्या सीमेपासून वीसेक मैलांवर वसलेले वाळवंटी गाव आहे. त्याच्या दक्षिणेला लागूनच केंद्र सरकारच्या ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटची, म्हणजे सार्वजनिक जमिनी सांभाळणाऱ्या खात्याची, सुमारे ११,४०० एकर जमीन दीर्घ मुक्कामासाठी राखून ठेवलेली आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या मंडळींसाठी १९८३मध्ये ही योजना सुरू झाली. ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात अशा एकूण सात जागा आहेत आणि एकच परवाना सातही ठिकाणी चालतो. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल अशा सात महिन्यांसाठी आम्ही १८० डॉलर भरले, म्हणजे दिवसाला एक डॉलरसुद्धा पडला नाही. ज्यांना थोडेच दिवस राहायचे असेल, त्यांच्यासाठी १४ दिवसांचा परवाना ४० डॉलरला मिळत होता.

आता कोणी म्हणेल की याच खात्याच्या इतर जमिनींवर फुकट राहता येत असताना पैसे कशाला भरायचे. गावाच्या आसपास प्लोमोसा रोड, डोम रॉक, स्कॅडन वॉश अशा जागा आहेत आणि तिथे खरोखरच एक पैसाही पडत नाही. पण तिथे १४ दिवसांची मर्यादा आहे; ती संपली की बिऱ्हाड उचलून २५ मैलांपलीकडे जावे लागते. एरवी ही अट आम्हाला जाचक वाटली नसती, कारण फिरण्यासाठीच तर हे आयुष्य निवडले आहे. महामारीत मात्र दर पंधरवड्याला हलायचे म्हणजे पुन्हा पेट्रोलपंप, पुन्हा अनोळखी दुकाने, पुन्हा नवे शेजारी आणि पुन्हा नव्या जिल्ह्याचे नवे नियम. आम्ही दोघेही साठी ओलांडलेली माणसे असल्यामुळे यातली प्रत्येक गोष्ट आम्हाला टाळायची होती. ते १८० डॉलर आम्ही जमिनीचे भाडे म्हणून नव्हे, तर न हलण्याच्या मुभेसाठी दिले आणि त्या दृष्टीने पाहिले तर ते पूर्णपणे वसूल झाले.

जागा आखून दिलेल्या नाहीत, आगाऊ नोंदणी नाही, क्रमांक नाहीत. फाटकाजवळच्या कचेरीत पैसे भरायचे, मिळालेले स्टिकर काचेवर लावायचे आणि आत जाऊन पसंत पडेल तिथे गाडी उभी करायची. दोन बिऱ्हाडांमध्ये निदान १५ फूट अंतर ठेवा, असा नियम आहे. प्रत्यक्षात त्या हिवाळ्यात आमच्या सर्वांत जवळच्या शेजाऱ्याशी बोलायलाही आवाज चढवावा लागत असे. कॅनडाची सीमा २१ मार्च २०२०पासून अनावश्यक प्रवासासाठी बंद होती, त्यामुळे दर हिवाळ्यात ज्यांच्या गाड्यांनी इथले वाळवंट भरून जाते ते कॅनेडियन त्या वर्षी क्वचितच दिसले. खासगी पार्कमध्ये एका गाडीची खिडकी उघडली की दुसऱ्या गाडीची भिंत दिसते. इथे खिडकीतून क्रिओसोटची झुडपे, पालो व्हर्डेची झाडे आणि दूरवरचे डोंगर दिसत. पाऊस पडून गेल्यावर त्या क्रिओसोटचा जो वास सुटतो, तो आपल्याकडच्या मृद्गंधाहून अगदी वेगळा, थोडा औषधी असतो. मला तो फार आवडला.

खरी कसोटी लागते ती पाण्याची आणि सांडपाण्याची, आणि परवाना घेण्याआधी याच बाबतीत प्रत्येकाने बारकाईने विचार करायला हवा. इथे जागेवर नळ नाही, वीज नाही, मैलावाहिनी नाही. पिण्याचे पाणी, गाडीतल्या सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायचे डंप स्टेशन आणि कचरा टाकण्याची सोय ला पोसाच्या दक्षिण भागात आहे. तुम्ही कुठेही उतरलात तरी तिथवर जावेच लागते. भांडी घासलेले पाणीसुद्धा जमिनीवर सोडायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे, कारण हजारो बिऱ्हाडांनी तसे केले तर ही जमीन एका हंगामात नासेल. त्यामुळे शौचालयाच्या टाकीपेक्षा मोरीच्या पाण्याची टाकी आधी भरते, हे मराठी स्वयंपाक करणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. आमच्याकडे तांदूळ आणि डाळ धुतलेले पाणी पातेल्यात साठवून त्यातच खरकटी भांडी पहिल्यांदा विसळली जात. तेलकट कढई आधी कागदाने पुसून घ्यायची आणि मगच पाणी लावायचे, हा नियम सौभाग्यवतींनी घातला आणि त्यामुळे टाकी कितीतरी जास्त दिवस पुरू लागली. कुकरचा इथे दुहेरी उपयोग झाला, कारण एकाच वेळी वरण, भात आणि बटाटे शिजत असल्यामुळे पाण्याइतकाच प्रोपेन गॅसही वाचत असे.

ज्यांना टाकी रिकामी करण्यासाठी गाडी हलवायची नसेल त्यांच्यासाठी दोन मार्ग आहेत. एक म्हणजे चाके असलेली प्लास्टिकची छोटी टाकी, जिच्यात सांडपाणी काढून घेऊन ती गाडीमागे जोडून डंप स्टेशनवर नेता येते. दुसरा म्हणजे दारात येऊन टाक्या उपसणारा आणि पाणी भरून देणारा टँकर. आम्ही बोलावलेल्या टँकरवाल्याने ठरलेला दिवस एकदा न कळवता चुकवला आणि तेव्हा टाकी काठोकाठ भरलेली होती. म्हणून या सेवेवर सर्वस्वी विसंबून राहू नये असे मी सांगेन. तुमच्या गाडीत स्वतःच्या टाक्या नसतील, तर सार्वजनिक शौचालयापासून ५०० फुटांच्या आतच उतरण्याची परवानगी मिळते. अंघोळीची सोय तर मुळीच नाही.

विजेसाठी आमची भिस्त छतावरच्या सोलर पॅनलवर होती. वाळवंट म्हणजे ऊनच ऊन, असा समज करून घेऊन येणाऱ्यांना एक सांगायला हवे : डिसेंबरात इथे माध्यान्हीचा सूर्यही क्षितिजापासून जेमतेम ३३ अंशांवर असतो. छतावर सपाट ठेवलेली पॅनल अशा तिरप्या उन्हात बरीच कमी वीज देतात. दक्षिणेकडे कलती करण्याची सोय असेल तर फार फरक पडतो. रात्री गारठा चांगलाच असतो आणि हीटरचा पंखा बॅटरी खातो, तेव्हा रात्र काढायला बॅटरी किती मोठी लागेल याचा हिशेब घरी बसूनच करावा. जनरेटर चालतो, पण रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची असते आणि बहुतेक लोक ती पाळतात.

मोबाइलचे जाळे बरे आहे. एरवी जानेवारीत गर्दी झाली की ते कोलमडते, अशी इथल्या जुन्या मंडळींची तक्रार असते. आम्हाला मात्र रात्री आठ वाजता, म्हणजे पुण्यात सकाळचे साडेआठ झालेले असताना, आईशी व्हिडिओवर बोलता येत होते आणि त्या वर्षात आमच्यासाठी याहून मोठी गरज दुसरी नव्हती. जवळचे लोक आजारी पडत असताना भारताची नेहमीची विमाने बंद होती. दिवसातून एकदा चेहरा दिसणे यावर सगळे धीर धरून होते. १४ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन झाले तेव्हा आम्ही गाडीच्या पायरीवर पणत्या लावल्या. पलीकडच्या बिऱ्हाडातल्या आजींनी दुरूनच हात जोडले आणि आम्ही चकल्यांचा डबा मध्यावरच्या दगडावर ठेवून मागे सरलो. या शेजारधर्मासाठी परवान्यात काही कलम नाही, पण लोक महिनोन्‌महिने एका जागी राहतात म्हणूनच तो निर्माण होतो.

उणिवा सांगायच्या तर वैद्यकीय सोय ही सर्वांत गंभीर. मोठे उपचार लागले तर पार्करचे रुग्णालय सुमारे ३५ मैलांवर आहे, कॅलिफोर्नियातले ब्लाइद त्याहून जवळ. ज्यांना हृदयविकार आहे किंवा डायलिसिस लागते, त्यांनी महामारीत इथे सात महिने काढू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. किराणा गावात मिळतो, परंतु तूरडाळ, पोहे, गोडा मसाला यांची भरती फिनिक्सहूनच करून यावे लागते. ते अंतर १२५ मैलांच्या आसपास आहे. वारा सुटला की बारीक धूळ खिडकीच्या फटींतूनही आत येते आणि छत्र्या-मांडव उडून जातात, म्हणून गाडीच्या बाजूला उघडणारे कापडी छप्पर रात्री उघडे ठेवू नये.

परवान्याची मुदत १५ एप्रिलला संपते आणि तोवर उन्हाची तलखी सुरू झालेली असते. उन्हाळ्यात इथे राहणे एअर कंडिशनरशिवाय अशक्य आणि सोलरवर एअर कंडिशनर चालवणे बहुतेकांना परवडणारे नाही. त्यामुळे वर्षभर एकाच जागी थांबू पाहणाऱ्यांचा प्रश्न हा परवाना निम्माच सोडवतो. उरलेल्या पाच महिन्यांसाठी उंचावरची, वीजजोडणी असलेली जागा मार्चमध्येच ठरवून ठेवावी आणि तिथे महिन्याच्या भाड्याचा करार लेखी घ्यावा. ज्यांची गाडी पाणी, वीज आणि सांडपाणी या तिन्ही बाबतींत दहा-बारा दिवस तग धरू शकते, त्यांनी ला पोसाचा परवाना डोळे झाकून घ्यावा. ज्यांची गाडी दोन दिवसांत नळ शोधू लागते, त्यांनी आधी १४ दिवसांचा परवाना घेऊन पाहावा.