चमत्कारांना लावलेली चाळणी : चॅडविक यांचं ‘काँट्रा केल्सम’

सुरुवातीचे ख्रिस्ती लोक चमत्कारकथा शब्दशः खऱ्या मानत होते का? आजच्या अभ्यासकांची मतं वाचण्याआधी हा ग्रंथ उघडावा. ख्रिस्ती धर्मावर टीका करणाऱ्या केल्ससला ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने इ.स. 248 च्या सुमारास दिलेलं हे उत्तर. मूळ ग्रीक, आठ खंड. हेन्री चॅडविक यांचं इंग्रजी भाषांतर केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने 1953 मध्ये काढलं. केल्ससचं पुस्तक ओरिजेनच्या उत्तराआधी साधारण सत्तर वर्षांचं, आणि ते हरवलंय. ओरिजेनने खोडून काढण्यासाठी त्यातली वाक्यं उतरवून घेतली, म्हणून तेवढी टिकली. चॅडविक ती तिरक्या टायपात छापतात, त्यामुळे कोण बोलतंय याचा गोंधळ होत नाही.

पहिल्या पानापासून सरळ वाचायला घेतलं तर अडखळायला होतं. पहिल्या खंडाच्या 28व्या प्रकरणापाशी ओरिजेनने लिहिण्याची पद्धतच बदलली. त्याआधीचा भाग नुसता टिपणवजा आहे, हे तो प्रस्तावनेत स्वतःच कबूल करतो. तेव्हा सुरुवात 1.42 (पहिला खंड, 42वं प्रकरण) पासून करावी. तिथे तो ट्रॉयच्या युद्धाचं उदाहरण घेतो : अकिलीस समुद्रदेवतेचा मुलगा, असल्या गोष्टी मिसळल्या म्हणून युद्ध झालंच नाही म्हणायचं का? शहाणा वाचक काही स्वीकारतो, काहीचा रूपकार्थ लावतो आणि काही कुणाला खूश करायला लिहिलंय म्हणून सोडून देतो. ही चाळणी ध्यानात ठेवली की पुढचं सोपं जातं.

मग 1.48. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आकाश उघडलं, ते खरंच फाटलं का? ओरिजेन साफ नाही म्हणतो. ते स्वप्नात दिसावं तसं मनाला झालेलं दर्शन. भाबडे लोक मात्र आपल्या साधेपणात अख्खं घट्ट आकाश चिरून टाकतात, असा टोलाही हाणतो. शब्दशः मानणारे त्याच्या अवतीभोवती होते, याचा पुरावा या टोल्यातच मिळतो.

पण म्हणून त्याला ‘सगळं रूपक’वाला ठरवलं तर 2.48 आडवं येतं. मेलेले उठले, हे तो घडलेलं मानतो. युक्तिवादही मजेशीर : कथा रचायच्याच असत्या तर पुष्कळ मुडदे उठवले असते, इथे मोजून तीन आहेत. लगेच पुढे आध्यात्मिक अर्थही जोडतो. त्याच्या लेखी दोन्ही एकत्र नांदतात.

1.68 सोडू नये. येशूच्या चमत्कारांशी तुलना करायला, थोड्याशा ओबोलांसाठी (ग्रीक नाणी) भरबाजारात भुतं उतरवणारे, नसलेल्या पक्वान्नांची ताटं दाखवणारे जादूगार केल्सस पुढे करतो. ओरिजेन म्हणतो, त्यांच्यातला एकही बघ्यांना सदाचाराकडे नेत नाही. चमत्कार होतात की नाही हा वाद इथे नाहीच. ते कुणाच्या बळावर आणि कशासाठी, एवढाच आहे.

उणीव एकच, पण मोठी : सामान्य भाविक स्वतः कुठेच बोलत नाहीत, दिसतात ते विद्वानाच्या टोमण्यांतून. शिवाय आठही खंड सलग वाचायला दम लागतो. चौथ्यानंतर विषयसूचीचा आधार घ्यावा. फुकट हवं तर क्रॉम्बी यांचं एकोणिसाव्या शतकातलं भाषांतर इंटरनेटवर आहे. भाषा जुनी, वाक्यं लांबलचक. पण प्रकरणांचे आकडे तेच असल्याने वर दिलेल्या जागा लगेच सापडतात.