आणायचंच नाही, की नजरेआड ठेवायचं?

गोड बंद, तळलेलं बंद, असं आपण रात्री पोट भरलेलं असताना ठरवतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भूक लागलेली असते, डोकं शिणलेलं असतं आणि बिस्किटांची बरणी हाताशी असते. निश्चय आठवतो तेव्हा झाकण उघडून झालेलं असतं. म्हणून मी कोणालाही मन घट्ट करायला सांगत नाही, आधी घराची मांडणी बदलायला सांगते. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: म्हणजे नेमकं काय करू?

वाटा चार आहेत. नको ते घरात आणायचंच नाही. आणायचं, पण त्याची जागा बदलायची. ताट-वाटी आणि वाढण्याची पद्धत बदलायची. किंवा फ्रीजवर तक्ते-चिठ्ठ्या लावून स्वतःला आठवण करून द्यायची. चारही एकाच दिवशी सुरू केल्या तर कोणती लागू पडली ते कळत नाही, आणि घरातले वैतागतात ते वेगळंच. एक निवडा.

चिठ्ठ्यांचा निकाल लवकर लावता येतो. रोमां कादारिओ आणि पिएर शांदों यांनी २०२० साली उपाहारगृहं, दुकानं अशा प्रत्यक्ष जागी झालेल्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. नुसती माहिती देणाऱ्या उपायांचा परिणाम सगळ्यात कमी निघाला. हाताला सोपं काय आणि अवघड काय, किंवा वाढलेलं किती, हेच बदलणाऱ्या उपायांचा परिणाम त्याच्या सुमारे तिप्पट होता. माझाही अनुभव तोच आहे. चिठ्ठी चार दिवस दिसते, पाचव्या दिवशी ती फ्रीजच्या रंगाचीच होऊन जाते. जिथे आपण निवड करतो तिथे मात्र खुणा उपयोगी पडतात. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये पदार्थांना लाल (टाळावेत असे), पिवळ्या (मधले), हिरव्या (पौष्टिक) खुणा केल्या आणि पौष्टिक पदार्थ डोळ्यांसमोर मांडले. दोन वर्षांनी पाहिलं तर विक्रीतला लाल पदार्थांचा वाटा २४ टक्क्यांवरून २० वर आला होता आणि हिरव्यांचा ४१ वरून ४६ वर गेला होता. तिथेही खुणेच्या जोडीला मांडणी होतीच.

खरी निवड पहिल्या दोन वाटांमध्ये आहे.

घरात आणायचंच नाही

या वाटेचं बळ असं की निर्णय आठवड्यातून एकदाच घ्यायचा, सामानाची यादी करताना. घरात वस्तू असली की तोच निर्णय दिवसातून दहा वेळा घ्यावा लागतो आणि त्यातल्या एखाद्या वेळी माणूस हरतोच. घरात काय आहे याने केवढा फरक पडतो हे केविन हॉल यांच्या २०१९ सालच्या प्रयोगातून दिसतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० माणसांना ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया झालेलं अन्न, दोन आठवडे कमीत कमी प्रक्रिया केलेलं. समोर ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, मीठ, तंतू यांचा मेळ दोन्हीकडे सारखा घातला होता आणि हवं तेवढं खायची मुभा होती. तरी पहिल्या प्रकारात माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. त्यांना कुणी मोहात पाडलं नव्हतं, समोर होतं ते त्यांनी पोटभर खाल्लं.

कष्टाच्या मानाने ही वाट सगळ्यात स्वस्त आहे. पण ती दोन ठिकाणी अडते. पहिलं म्हणजे रिकामं फडताळ. काढून टाकलेल्याच्या जागी काही आणलं नाही, तर संध्याकाळची भूक फोन उचलते आणि अर्ध्या तासात दारात पाकीट हजर होतं. यादीतून एक गोष्ट खोडली की तिच्या जागी लगेच खाता येईल अशी दुसरी लिहा, भाजलेले दाणे, फळं, दही, काहीही. ऑर्डर करायची अ‍ॅपही फोनच्या पहिल्या पानावरून हलवा, तीसुद्धा आता घरातलीच वस्तू आहे.

दुसरी अडचण घरातली माणसं. तुम्ही एकटे राहत असाल तर प्रश्न नाही. घरात मुलं असतील तर सपाट बंदीने काम बिघडू शकतं. जेनिफर फिशर आणि लिअ‍ॅन बर्च यांनी १९९९ साली मुलांवर केलेला प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. एक खाऊ मुलांना दिसेल असा ठेवला, पण तो घ्यायला अगदी थोडा वेळ दिला. त्या खाऊबद्दलचं मुलांचं बोलणं आणि मागणं वाढलं. समोर ठेवून नाही म्हणणं, यापेक्षा वाईट मांडणी नाही. मुलांच्या घरात एक तर ती वस्तू मुळात नसावी, नाहीतर ती दिसू नये आणि तिच्यावर पहाराही नसावा.

जागा बदलायची

आमच्याकडे बिस्किटांची काचेची बरणी ओट्यावर, पाण्याच्या भांड्याशेजारी असायची. पाणी प्यायला गेलं की एक बिस्किट हातात यायचं, भूक असो-नसो. फळं मात्र फ्रीजच्या तळच्या कप्प्यात, पिशवीत गुंडाळलेली. आठवड्याने पिशवी उघडली की दोन-तीन नरम पडलेली निघायची आणि टाकून द्यावी लागायची. म्हणजे घरातली सगळ्यात मोक्याची जागा आम्ही बिस्किटांना दिली होती आणि सगळ्यात अडगळीची फळांना.

मी एवढंच केलं: बिस्किटं अपारदर्शक डब्यात घालून स्टूल घेतल्याशिवाय हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर ठेवली. फळं धुऊन, चिरून, झाकणाच्या काचेच्या भांड्यात फ्रीजच्या मधल्या फळीवर, दार उघडताच दिसतील अशी. भांडं दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत रिकामं व्हायला लागलं. कुणाला काही सांगितलं नव्हतं. फळ खाण्यात अडसर आवडीचा नव्हताच, धुण्या-चिरण्याचा होता. भाजीचंही तसंच. निवडलेली, धुतलेली भाजी डब्यात तयार असेल तर ती शिजते, जुडी तशीच पडली असेल तर पडूनच राहते.

या वाटेला घरात विरोध होत नाही, कारण कुणाचं काही काढून घेतलेलं नसतं. पण तिचा पुरावा किती आहे तेही सांगायला हवं. काय जवळ आहे आणि किती प्रकार समोर आहेत याने खाणं बदलतं का, याचा कोक्रेनचा, म्हणजे आरोग्यावरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा, आढावा २०१९ साली आला. दूर ठेवलं की कमी खाल्लं जातं असाच कल दिसला, पण त्या पुराव्याची खात्री कमी असल्याचंही त्यात नोंदवलं आहे. शिवाय स्टूलाची सवय होते. म्हणून मी दूर ठेवण्यापेक्षा जवळ आणण्यावर जास्त भर देते. चांगलं हाताशी आणण्याचा फायदा टिकतो, वाईट लपवण्याचा झिजतो.

आणि घाई करू नका. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी केलेल्या २०१० सालच्या अभ्यासात एखादी कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला अडीचशेवर. पंधरा दिवसांनी मांडणी पुन्हा फिरवलीत तर सगळं नव्याने सुरू.

लहान ताटाचं काय?

हा सल्ला सगळ्यात लोकप्रिय आणि माझ्या यादीत तिसरा. त्याचा मोठा प्रचार ज्यांच्या संशोधनाने झाला ते कॉर्नेल विद्यापीठाचे ब्रायन वॉन्सिंक. त्यांचे अनेक लेख मागे घेतले गेले आणि २०१८ साली विद्यापीठानेच त्यांना संशोधनातल्या गैरप्रकाराबद्दल दोषी धरलं. पण म्हणून प्रमाणाचा मुद्दाच खोटा ठरत नाही. कोक्रेनच्या २०१५ सालच्या ७२ अभ्यासांच्या आढाव्यात, मोठं पाकीट किंवा जास्त वाढलेलं ताट समोर आलं की माणसं जास्त खातात, हे सातत्याने दिसलं. ताट लहान केलं आणि पातेलं शेजारीच राहिलं तर आपण दुसऱ्यांदा वाढून घेतो. मी ताट तेच ठेवलं, पातेली ओट्यावरच राहू दिली आणि पाकिटातून थेट खाणं बंद केलं. खायचं तेवढं वाटीत काढायचं, पाकिटाचं तोंड बंद करायचं, मग बसायचं.

काही घरांत यातलं काहीच जसंच्या तसं करू नये. मधुमेहावर इन्सुलिन घेणाऱ्याची साखर एकदम उतरू शकते, त्याच्या हाताशी गोड असलंच पाहिजे, वरच्या फळीवर नाही. भूक मंदावलेल्या वृद्धांसाठी उलटी मांडणी लागते, खाणं दिसेल आणि पोचेल असं. आणि खाण्याच्या आजारातून गेलेल्या माणसाच्या घरात लपवालपवी किंवा बंदी सुरू करण्याआधी त्याच्या डॉक्टरांशी बोला.

बाकीच्यांसाठी माझं मत स्पष्ट आहे. एकटे किंवा दोघंच असाल आणि दोघांचं एकमत असेल, तर सामानाच्या यादीपासून सुरुवात करा. घरात मुलं, पाहुणे, वेगवेगळ्या आवडीची माणसं असतील, तर जागेपासून. फ्रीजची मधली फळी आधी मोकळी करा आणि तिथे काय यायचं ते घरातल्यांनाच विचारा.