प्रोस्टेटचा आक्रमक कॅन्सर: जनुकांची तपासणी ब्लॉकवर (मेणात जपलेल्या गाठीच्या तुकड्यावर) करावी की रक्तावर?

स्मॉल सेल किंवा न्यूरोएंडोक्राइन या आक्रमक प्रकारांत पीएसएच्या (रक्तात मोजल्या जाणाऱ्या प्रोस्टेटच्या प्रथिनाच्या) भरवशावर राहू नये. यकृतात गाठी वाढत असतात, तरी पीएसए कमीच दिसू शकतो. या गाठींत आरबी1 आणि टीपी53 ही जनुके वारंवार निकामी झालेली आढळतात. डक्टल या आणखी एका प्रकारात कधी एमएसएच2 हे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारे जनुक बिघडलेले असते, आणि तसे निघाले तर इम्युनोथेरपीचा मार्ग खुला होतो.

आरबी1 किंवा बीआरसीए2 (डीएनए दुरुस्तीचे जनुक) अख्खे गळून गेले आहे का, हे चांगल्या ब्लॉकवर अधिक खात्रीने कळते. अडचण जुन्या ब्लॉकची. ओलापरिब या औषधाच्या ‘प्रोफाउंड’ चाचणीत दर 10 पैकी सुमारे 3 नमुन्यांतून निकालच निघाला नाही. कधी गाठीच्या पेशी कमी पडतात, कधी डीएनए झिजलेला असतो. हाडाचा तुकडा मऊ करायला आम्ल वापरले तर डीएनए तुटतो, म्हणून बायोप्सीआधीच लॅबला आम्लाऐवजी ईडीटीए हे सौम्य रसायन वापरायला सांगा. शिवाय निदानाच्या वेळचा ब्लॉक हार्मोन उपचारांनंतरचे बदल दाखवू शकत नाही.

रक्ताची तपासणी सोपी, पण वेळ चुकली की फसवते. उपचार लागू पडत असताना गाठीचा डीएनए रक्तात जेमतेम उतरतो. नमुना आजार वाढताना, नवे औषध सुरू होण्याआधी द्यावा. रिपोर्टवर ‘ट्यूमर फ्रॅक्शन’, म्हणजे रक्तातल्या मोकळ्या डीएनएत गाठीचा वाटा किती, हे आधी पाहा. ते अगदी कमी असेल तर ‘बदल आढळला नाही’ याला फारसा अर्थ नाही, कारण निरोगी डीएनएच्या गर्दीत गळालेले जनुक झाकले जाते. उलटा धोकाही आहे: वयानुसार रक्तपेशींत होणारे एटीएम, सीएचईके2 या जनुकांमधले बदल गाठीचे समजले जातात. पांढऱ्या पेशींची जोड-तपासणी केली आहे का, हे जरूर विचारा.

सुई पोचेल अशी यकृतातली गाठ असेल, तर आमचा कौल ताज्या बायोप्सीला. प्लॅटिनम केमोचा (स्मॉल सेल प्रकारात वापरल्या जाणाऱ्या कार्बोप्लॅटिनसारख्या औषधांचा) निर्णय घेताना पेशींचे रूप सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला हवे, आणि ते रक्त दाखवत नाही. आजार फक्त हाडांत असेल किंवा रुग्ण थकलेला असेल, तर आधी रक्त. काही सापडले नाही तर ब्लॉक.

जन्मजात दोषाची तपासणी वेगळी. आजार पसरला असेल तर ती दोन्ही वाटांवर करावीच, त्यासाठी साधे रक्त किंवा लाळ पुरते. बीआरसीए2 जन्मजात निघाले, तर प्रत्येक अपत्याकडे ते येण्याची शक्यता 50 टक्के. मुलींच्या स्तनांच्या तपासण्या केव्हा सुरू करायच्या, हे त्यावरून ठरते.