कमरेला बांधायचा ट्रान्सफर बेल्ट : उपयोगी, पण उन्हाळ्यात त्रासदायक

माझ्या पत्नीला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा मेंदू व मज्जारज्जूचा आजार आहे. तिला पलंगावरून खुर्चीत बसवताना आधार देता यावा म्हणून फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने आम्ही सर्जिकल साहित्याच्या दुकानातून ट्रान्सफर बेल्ट आणला. दोन्ही बाजूंना आणि पाठीमागे धरायच्या मुठी, आतून फोमचे अस्तर व पुढे प्लास्टिकचे बक्कल, अशी त्याची रचना आहे.

हा पट्टा रुग्णाला उचलण्यासाठी नसतो, हे मात्र ना दुकानदाराने सांगितले, ना सोबतच्या कागदावर लिहिले होते. बखोटीला धरून उठवले की खांद्यावर ताण येतो आणि एमएसमुळे स्नायू ताठरलेले असतील, तर अचानक बसलेल्या हिसक्याने पाय आणखी कडक होतात. पट्ट्यामुळे ते टळते. ती कडेला सरकते, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घेते, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकी पुढे वाकते आणि मगच उठते. मी तिच्या कमजोर बाजूला, जरा मागे उभा राहून, मूठ खालून धरतो आणि फक्त तोल सांभाळतो. “ओढू नका, आधी मला वाकू द्या,” असे ती अजूनही बजावते, आणि तिचेच बरोबर आहे, कारण पायांना झेपते तेवढे काम पायांनीच केले पाहिजे.

पट्टा कपड्यांवरून, आत दोन बोटे जातील इतपत आवळावा. बसलेले असताना घट्ट वाटणारा पट्टा उभे राहताच सैल होतो व बरगड्यांकडे सरकतो, म्हणून पाऊल टाकण्यापूर्वी तो पुन्हा आवळावा लागतो. बक्कल नेमके तेव्हाच अडते.

माझी मुख्य तक्रार अस्तराबद्दल आहे. एमएसमध्ये शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी अशक्तपणा किंवा अंधुक दिसणे तात्पुरते बळावू शकते. श्रमानंतर नजर अशी तात्पुरती अंधुक होते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उट्होफ यांनी १८९० मध्ये नोंदवले होते. एप्रिल-मे महिन्यांत हे जाड फोम कमरेला घामाने चिकटते, त्यामुळे खुर्चीत बसताच आम्ही पट्टा काढतो आणि चालण्याचा सराव सकाळी लवकर उरकतो. साध्या सुती पट्ट्याला इतक्या मुठी नसतात, तरी आपल्या हवेत मी तोच सुचवेन.

पाऊल लोंबत असेल, तर हा पट्टा ते उचलत नाही. त्यासाठी घोट्याचा स्प्लिंट वेगळा घ्यावा लागतो. पोटावर शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा नळी बसवलेली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो बांधू नये.