लांबलचक लेख वेबसाइटवर कसा मांडावा: सलग, पानापानांत, की 'पुढे वाचा'आड?

तीन हजार शब्दांच्या बातमीलेखासाठी आमचं मत सरळ आहे: सलग एक पान. बाकीचे पर्याय भक्कम कारण असेल तरच घ्यावेत.

सलग पानात शोध, छपाई, जतन सगळं चालतं आणि लिंक एकच राहते. धास्ती असते ती लांबीची. दर तीनचारशे शब्दांनी उपशीर्षक टाकलं, प्रत्येकाला आयडी (लिंकवरून थेट तिथे पोचता यावं म्हणून दिलेलं नाव) दिला आणि वर छोटी अनुक्रमणिका ठेवली की ती बरीच कमी होते. मात्र वर चिकटून राहणारी पट्टी असेल, तर अनुक्रमणिकेतून उडी मारल्यावर उपशीर्षक त्या पट्टीखाली दडतं. त्यासाठी उपशीर्षकाला पट्टीच्या उंचीइतका स्क्रोल-मार्जिन-टॉप (उडी मारल्यावर वर मोकळी सोडायची जागा) द्यावा. फोटोंची रुंदी-उंची एचटीएमएलमध्ये लिहिली नाही, तर फोटो उतरताच मजकूर खाली सरकतो आणि वाचणाऱ्याची ओळ हरवते. जाहिरातींच्या चौकटींचंही तेच. त्यांची जागा आधीच राखून ठेवावी. गूगलच्या निकषात ही सरकासरकी (सीएलएस) 0.1 पर्यंत चालते. पहिल्या फोटोला लेझी लोडिंग (फोटो दिसायच्या बेतात आला की मगच उतरवणं) लावू नये, त्यामुळे तो विनाकारण उशिरा येतो.

पानापानांत तोडलेला लेख पेज व्ह्यू वाढवतो, वाचकाचं त्यात काहीच भलं नाही. दर क्लिकला नवं पान उतरतं आणि तिथेच माणूस निसटतो. वर दुसऱ्या-तिसऱ्या पानाचा कॅनॉनिकल (मूळ पान कोणतं ते सर्च इंजिनला सांगणारी खूण) पहिल्या पानाकडे वळवण्याची चूक सर्रास होते. मग पुढच्या पानांवरचा मजकूर सर्चमध्ये सापडेनासा होतो. भाग खरोखर स्वतंत्र असतील, तर प्रत्येकाला वेगळा मथळा देऊन मालिकाच करावी.

'पुढे वाचा' बटणामुळे खालच्या बातम्या लवकर दिसतात आणि कोण खरंच पुढे गेलं हेही कळतं. पण डिस्प्ले-नन या सीएसएस (पानाची मांडणी ठरवणारी भाषा) सूचनेने लपवलेला मजकूर ब्राउझरच्या शोधात येत नाही, छपाईतही गळतो. क्लिकनंतर सर्व्हरकडून मागवत असाल, तर नेटवर्क मंद असताना नुसतं फिरतं चक्र दिसतं. बटण ठेवायचंच असेल, तर किती मजकूर उरलाय ते त्यावर लिहा.

स्क्रोलबरोबर हलणाऱ्या ग्राफिक्सचं आकर्षण न्यूयॉर्क टाइम्सच्या डिसेंबर 2012 मधल्या 'स्नो फॉल' या ऑनलाइन लेखानंतर फार वाढलं. नकाशावर घटनाक्रम उलगडायचा असेल तर हा प्रकार खरंच कामाचा. एरवी ती सजावट. ग्राफिक पोझिशन-स्टिकीने जागेवर धरतात, पण बाहेरच्या एखाद्या डब्याला ओव्हरफ्लो-हिडन (बाहेर जाणारा भाग लपवणं) असेल तर ते चिकटतच नाही, आणि हे शोधण्यात तास जातात. उंची 100 व्हीएच (स्क्रीनची पूर्ण उंची) दिली, तर मोबाइलच्या अ‍ॅड्रेस बारमुळे खालचा भाग कापला जातो. तिथे एसव्हीएच (बार दिसत असताना उरणाऱ्या उंचीवर आधारलेलं माप) वापरावं. ज्यांनी फोनमध्ये हालचाल कमी ठेवली आहे, त्यांना स्थिर चित्रं मिळायला हवीत.

काहीही निवडा, देवनागरीला ओळींमधली मोकळी जागा जास्त लागते, कारण मात्रा वर आणि उकार खाली जातात: अक्षर 18 पिक्सेल, लाइन-हाइट 1.7 च्या आसपास. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधली जादा जागा) शून्यच ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटते. मोबाइलवर जस्टिफाय (दोन्ही कडा सरळ जुळवणं) नको. प्रत्यय चिकटून लांबलेल्या मराठी शब्दांमुळे ओळीत खिंडारं पडतात.

लेख संपताच खाली आपोआप दुसरा लेख जोडायचा असेल, तर अ‍ॅड्रेस बारमधला पत्ता कधी बदलतो ते तपासून घ्या. तो लवकर बदलला, तर वाचक शेवटचा परिच्छेद वाचून लिंक पाठवतो आणि समोरच्याला भलताच लेख मिळतो.