ह्यूस्टन की डेट्रॉइट?

गंगापूर रोडला पोरांना बास्केटबॉल शिकवणाऱ्या भाच्याचा प्रश्न: नव्या कोचने सावरलेला एनबीएतला (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) कुठला संघ पोरांना दाखवू?

निकालात डेट्रॉइट सरस. 2023-24 मध्ये 14 विजय, त्यात सलग 28 पराभवांची नामुष्की. नवे कोच बिकरस्टाफ आले आणि पुढच्याच हंगामात 44 विजय, शिवाय प्लेऑफ (साखळीनंतरची बाद फेरी). नवे कोच उडोकांचा ह्यूस्टन 22 विजयांवरून 41 वर गेला, प्लेऑफ मात्र हुकली.

खर्च? ह्यूस्टनने एकट्या व्हॅनव्लीट या गार्डसाठी (चेंडू हाताळून खेळ चालवणारा खेळाडू) तीन वर्षांचे सुमारे 13 कोटी डॉलर मोजले. (आपल्याकडे नवा बॉल घ्यायचा तरी वर्गणी!) डेट्रॉइटकडे गार्ड कनिंगहॅम घरचाच होता, हॅरिस, बीझली असे अनुभवी साथीदार तेवढे आणले.

पोरं बचावात ढिली असतील तर ह्यूस्टन बघा, उडोकांनी आधी तोच घट्ट केला. गार्ड चांगला आहे पण संघ हरून हरून खचलाय, तर डेट्रॉइट.